मोटारीच्या डिकीचे कापडी आवरण : शिवणवर्गातील एक पाठ

महोत्सवी स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीविषयी, देणगीदारांविषयी आणि दिवंगत कार्यकर्त्यांविषयी लेख यावेत हे योग्यच आहे. परंतु संस्थेच्या शिवणवर्गात काय शिकविले जाते, हेही घरोघरच्या मंडळींना कळावे अशी सूचना आली, आणि आमच्याकडे एक पाठ लिहून देण्याचे काम आले. झबले, परकर, पोलके यांचे पाठ पुस्तकांतून पुष्कळ मिळतात. म्हणून आम्ही मुद्दाम असा विषय निवडला आहे की जो पुस्तकात सहसा सापडत नाही, ज्याला आज ठाणाकुशनूरसारख्या गावातही गिऱ्हाईक आहे, आणि ज्यात आमच्या हातून एकदा मोठी चूक झाली आहे. तो विषय म्हणजे मोटारीच्या डिकीवर घालावयाचे कापडी आवरण.

वाहनासाठी कापड शिवणे ही आपल्या भागाला नवी गोष्ट नाही. पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालावयाची झूल घरच्या बायकांनीच शिवावी, तिला आरसे-कवड्या लावाव्यात, असा प्रघात होता. दमणीवर घालावयाचे आच्छादन, गाडीत अंथरावयाची वाकळ, धान्यावर टाकावयाचे तरट हे सारे घरातच तयार होई. ज्याला आपण वाकळ किंवा गोधडी म्हणतो तिला शेजारची कन्नड माउली कौदी म्हणते. नाव निराळे, पण धावदोरा तोच. ज्याला आपण शिंपी म्हणतो त्याला कन्नडमध्ये सिंपिग म्हणतात आणि जुनी मंडळी अजून दर्जी म्हणतात. आपला बीदर जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यानंतर तो म्हैसूर राज्यात आला आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. राज्ये बदलली, तरी थान, पन्ना, अस्तर, उरेब हे शब्द दुकानात आणि मशीनवर जसेच्या तसे राहिले. बैलाच्या जागी मोटार आली, तेव्हा झूल शिवणाऱ्या हातांनी मोटारीकडेही वळावे हे ओघानेच आले.

आवरणाची गरज का पडली?

डिकी हा शब्द आपण रोज वापरतो. तो इंग्लंडातून आला. आरंभीच्या काही मोटारींना मागील बाजूस उघडणारे एक झाकण असे व ते उघडले की आत बसण्याची जागा होई. त्या आसनाला तिकडे डिकी म्हणत. पुढे तेथे माणसांऐवजी सामान ठेवू लागले आणि आपल्याकडे सामानाच्या कप्प्यालाच ते नाव चिकटले.

१९५८ पासून २०१४ पर्यंत बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार झालेली अँबॅसडर आणि मुंबईस कुर्ल्याला तयार होणारी फियाट, जिचे पुढे पद्मिनी असे नाव झाले, या गाड्यांची डिकी म्हणजे स्वतंत्र पेटीच असे. पत्र्याचे झाकण लावले की आत काय आहे ते कोणास दिसत नसे. अशा डिकीला कापडी आवरणाची गरजच नव्हती. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि आखूड पाठीच्या गाड्यांचा प्रसार झाला. या गाड्यांत मागचे आसन आणि डिकी यांच्यामध्ये पत्र्याची भिंत नसते. बसण्याची जागा आणि सामानाची जागा एकाच छताखाली असतात. कारखान्यातून डिकीवर एक टणक फळी बसवून येते, पण सर्वच गाड्यांना ती मिळत नाही, आणि जुन्या गाडीची फळी मोडली किंवा हरवली की तशीच दुसरी मिळणे कठीण जाते. पाठीमागे लांब जागा असलेल्या जीपवजा गाड्यांत तर बहुधा झाकण्याची सोयच नसते.

अशा उघड्या डिकीमुळे तीन अडचणी होतात. पहिली धुळीची. मुगाच्या किंवा तुरीच्या राशीच्या दिवसांत शेतवाटेने जाऊन आलेल्या गाडीची डिकी उघडून पाहावी, म्हणजे निराळे सांगावयास नको. दुसरी उन्हाची. उन्हात बंद करून ठेवलेल्या मोटारीच्या आतील उष्णता तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीस अंशांहून अधिक वाढते. औषधे, फळे, लग्नाच्या साड्या यांवर सरळ ऊन पडू नये हे बरे. तिसरी अडचण नजरेची. पूर्वी काही लोक काचांना काळी फिल्म लावून आतले सामान झाकीत असत. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने मोटारीच्या काचांना अशी काळी फिल्म चिकटविण्यास मनाई केली. तेव्हा उदगीरच्या बाजारात किंवा बीदरच्या दवाखान्यापुढे गाडी उभी करून जाणाऱ्याला मागचे सामान कापडाने झाकणे हाच सरळ मार्ग उरतो.

आमची चूक

पाठाच्या आधी ही हकीकत सांगितली पाहिजे. पाठातील अर्धे नियम तिच्यातून निघाले आहेत.

वर्गात शिवलेले तिसरे आवरण एका ओळखीच्या कुटुंबाने नेले. आम्ही ते चांगले ताणून बसविले होते. चारी बाजूंनी नेफ्यातून बांबूची कामटी घातली होती, त्यामुळे ते कापड न वाटता फळीसारखे दिसे. आम्हांला त्याचा अभिमान वाटला, आणि पाहणाऱ्यांनीही वाहवा केली. पुढे ते कुटुंब लग्नाला निघाले, तेव्हा खाली जागा उरली नाही म्हणून रुखवतातील पितळेची घागर त्या आवरणावर ठेवण्यात आली. वाटेत म्हैस आडवी आली, गाडी बाजूला घेताना रस्त्याकडेच्या मुरमाच्या ढिगावर आदळली, आणि ती घागर आसनावरून पुढे येऊन मागे बसलेल्या मुलीच्या खांद्यावर बसली. गळ्याजवळचे हाड मोडले. कामटीही मोडली आणि तिचे टोक कापडातून बाहेर आले. ते कोणाला लागले नाही हे नशीब.

मुलीचा हात दीड महिना झोळीत होता. आम्ही भेटीस गेलो तेव्हा तिच्या आईने तक्रारीचा शब्द काढला नाही. उलट म्हणाली, “बाई, तुमचं शिवण लई पक्कं निघालं बघा. कुठं उसवलं न्हाई.”

त्या वाक्याने आम्ही खजील झालो. शिवण पक्की होती हे खरे, परंतु आवरण कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, हे आम्ही त्या माउलीला सांगितले नव्हते. वस्तूचे रूप असे केले होते की पाहणाऱ्याला तिच्यावर भार ठेवावासा वाटावा. दोष ठेवणाऱ्याचा कमी आणि शिवणाऱ्याचा अधिक होता.

त्यानंतर वर्गातील शाळकरी मुलींकडून आम्ही हिशेब करून घेतला. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात आहे असे समजा. म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. ती कशावर तरी आदळून अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर आतील प्रत्येक मोकळ्या वस्तूला थांबविण्यासाठी तिच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर लागतो. घागर पाच किलोची असली तर हा जोर शंभर किलोच्या पोत्याच्या भाराएवढा होतो. एवढा भार कापड, इलॅस्टिक आणि टाके पेलतील अशी आशा धरणे व्यर्थ आहे.

म्हणून आमचा पहिला नियम असा : आवरण झाकण्यासाठी आहे, धरण्यासाठी नाही. जड सामान डिकीच्या तळाशी, आसनाच्या पाठीला टेकवून ठेवावे व दोरीने किंवा पट्ट्याने बांधावे; आवरणावर रुमालसुद्धा ठेवू नये. दुसरा नियम असा : आवरणात कामटी, लोखंडी सळई, तार असे काहीही घालावयाचे नाही. कापड मध्यभागी बोटभर खाली झुकले तर झुकू द्यावे. झुकलेल्या कापडावर कोणी घागर ठेवीत नाही.

कापडाची निवड

या कामाला जाड सुती कॅनव्हास, ड्रिल किंवा जाड पॉलिएस्टर चालते. प्रत्येकाचे गुणदोष ध्यानात घ्यावेत.

सुती कॅनव्हास मशीनखाली सरकत नाही, घडी चांगली धरतो, आणि नवशिक्या हाताला सोपा जातो. त्याचा दोष एवढाच की पहिल्या धुण्यात तो आटतो. शंभर सेंटीमीटरमागे तीन ते पाच सेंटीमीटर कमी होतात. तेव्हा कापण्यापूर्वी कापड रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून घ्यावे. हे टाळले की आज नेमके बसणारे आवरण पावसाळ्यानंतर बसेनासे होते. पॉलिएस्टर आटत नाही आणि उन्हात बराच काळ टिकते, पण ते निसटते, म्हणून टाचण्या जवळजवळ लावाव्या लागतात. रेक्झिन दिसावयास सुबक, पण उन्हात तापून पुढे ताठरते व घडीवर चिरते. शिवाय त्यात सुईचे भोक कायमचे राहते, म्हणजे चुकलेली टीप उसवून पुन्हा घालता येत नाही. नवशिक्यांनी त्याच्या वाटेस जाऊ नये. जुन्या साडीचे किंवा चादरीचे कापड अस्तराला चालेल, वरच्या बाजूस चालणार नाही.

रंगाचाही विचार करावा. काळे कापड आतली वस्तू चांगली लपविते पण तापते अधिक. पांढऱ्यावर धूळ दिसते. आपल्या भागात मातीचा, खाकी किंवा करडा रंग सर्वांत सोयीचा.

आता एका परीक्षेविषयी सांगतो. मोटारीच्या आतील कापड चटकन पेट घेणारे असू नये. अमेरिकेत १९७२ पासून याविषयी नियम लागू आहे : मोटारीच्या आतील कापडावरील ज्योत आडव्या दिशेने मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे चार इंचांपेक्षा, अधिक वेगाने सरकता कामा नये. ती प्रयोगशाळेतील परीक्षा आपल्याला तंतोतंत करता येणार नाही, पण तिच्या धर्तीवर अंदाज घेता येतो. कापडाची चार बोटे रुंद, वीतभर लांब पट्टी कापावी. तिच्यावर दहा सेंटीमीटर अंतराने पेन्सिलीच्या दोन रेघा माराव्यात. अंगणात, वारा नसताना, लोखंडी घमेल्यावर ती चिमट्याने आडवी धरून एका टोकाला काडी लावावी. शेजारी पाण्याची बादली ठेवावी आणि हे काम मोठ्या माणसानेच करावे. पहिल्या रेघेपासून दुसरीपर्यंत ज्योत एक मिनिटाच्या आत पोहोचली तर ते कापड बाजूस ठेवावे. पातळ, विरळ विणीचे कापड या परीक्षेत बहुधा नापास होते, घट्ट विणीचा जाड कॅनव्हास सावकाश जळतो.

इतर साहित्य

पॉलिएस्टरचा जाड दोरा, कारण सुती दोरा उन्हाने व दमटपणाने लवकर कुजतो. मशीनची १६ किंवा १८ नंबरची सुई. पाच मिलिमीटर जाडीची गोल इलॅस्टिक दोरी दोन मीटर. खाटेची निवार अर्धा मीटर. तिच्या तुकड्यांनी कोपरे मजबूत करावयाचे आहेत. वेल्क्रोची पट्टी एक मीटर. शिवाय मापाची टेप, शिंप्याचा खडू, टाचण्या, जुनी वर्तमानपत्रे आणि खळ.

वेल्क्रोविषयी मुली नेहमी विचारतात म्हणून दोन शब्द. स्वित्झर्लंडमधील जॉर्ज द मेस्त्राल हे गृहस्थ १९४१ साली कुत्र्याला घेऊन रानात फिरून आले, तेव्हा त्यांच्या कपड्यांना व कुत्र्याच्या केसांना काटेरी बोंडे चिकटली होती. आपल्याकडे रानातून आल्यावर धोतराला शंकेश्वराची बोंडे चिकटतात, त्यातलाच प्रकार. त्यांनी भिंगाखाली पाहिले तो प्रत्येक काट्याच्या टोकाला बारीक आकडा दिसला. त्यावरून एका पट्टीवर आकडे व दुसरीवर फासे अशी जोडी त्यांनी तयार केली आणि १९५५ साली तिचे पेटंट मिळविले. बोंडे सारेच झटकून टाकतात. त्यांनी ती निरखून पाहिली, एवढाच फरक.

मापे घेणे

येथे घाई करू नये. डिकी चौकोनी दिसते, पण तशी क्वचितच असते. आसनाकडची बाजू आणि दाराकडची बाजू यांच्या रुंदीत फरक असतो, चाकावरील उंचवटे आत आलेले असतात, आणि कधी कधी डाव्या-उजव्या बाजूही सारख्या नसतात. म्हणून केवळ टेपवर न विसंबता कागदी नमुना घ्यावा.

वर्तमानपत्रे खळीने जोडून मोठा कागद करावा. तो डिकीच्या तोंडावर, आवरण जेथे यावयाचे त्या उंचीवर धरावा. ही उंची मागच्या आसनाच्या पाठीपेक्षा व मागील काचेच्या खालच्या कडेपेक्षा कमीच असली पाहिजे. चालकाला आरशातून मागचा रस्ता पूर्ण दिसला पाहिजे. एकीने कागद धरावा, दुसरीने कडा बोटाने दाबून घडी पाडावी, आणि घडीवर कापावे. कागद पुन्हा बसवून पाहावा. नमुन्यावर गाडीचे नाव, तिचे साल, “आसनाची बाजू”, “दाराची बाजू” आणि “वर” असे लिहावे. साल लिहिण्याचे कारण असे की त्याच नावाच्या गाडीचा आकार काही वर्षांनी बदलतो, आणि जुना नमुना नव्या गाडीला लागत नाही.

उदाहरणासाठी एका गाडीची मापे घेऊ. आसनाच्या बाजूची रुंदी ९८ सेंटीमीटर, दाराच्या बाजूची १०२ आणि खोली ४६. तयार आवरण प्रत्येक बाजूने एक सेंटीमीटर आखूड असावे, म्हणजे कडांना घासणार नाही. म्हणून तयार मापे अनुक्रमे ९६, १०० आणि ४४. आता दुमडीसाठी प्रत्येक बाजूस तीन सेंटीमीटर वाढवावयाचे : एक आत लपविण्यास, दोन दिसणाऱ्या दुमडीस. म्हणजे कापावयाची मापे १०२, १०६ आणि ५०.

बेतणे

कॅनव्हासचा पन्ना दुकानात अजून इंचांत सांगतात. ३६ इंची पन्ना म्हणजे सुमारे ९१ सेंटीमीटर. सव्वा मीटर कापड घेतले तर आटून गेल्यावरही लांबीत ११८ सेंटीमीटरच्या आसपास आणि पन्न्यात ८६ सेंटीमीटरच्या आसपास उरते. आपल्याला लांबीत १०६ आणि पन्न्यात ५० हवे. पन्न्यात उरलेली ३६ सेंटीमीटरची पट्टी खिशांसाठी राखून ठेवावी.

कापडाचा उभा धागा डिकीच्या रुंदीच्या दिशेने आला पाहिजे, कारण उभा धागा आडव्यापेक्षा कमी ताणतो आणि आवरण रुंदीतच अधिक झुकते. उरेब कापड येथे मुळीच चालणार नाही. ते आठवडाभरात पाळण्यासारखे लोंबेल.

कापडाच्या मधोमध खडूने रेघ मारावी. आसनाच्या बाजूस रेघेच्या दोन्हीकडे ५१ सेंटीमीटर, दाराच्या बाजूस दोन्हीकडे ५३ सेंटीमीटर मोजून खुणा कराव्यात व त्या जोडाव्यात. कागदी नमुना वर ठेवून ताडून पाहावे. भोवती सगळीकडे तीन सेंटीमीटर कापड होईल तेथे दोनच होणार, असे का, हा प्रश्न मुलींनी स्वतः सोडवावा. उत्तर न आल्यास कात्रीला हात लावू नये. (नमुना पूर्ण मापाचा आहे, त्यातून एक वजा केला व तीन वाढविले, म्हणजे नमुन्याबाहेर दोनच सेंटीमीटर उरले पाहिजेत. तीन दिसले तर आपण एक वजा करण्यास विसरलो, आणि चार दिसले तर तोच एक उलट वाढविला.)

शिवण

प्रथम दोन लहान बाजू, मग दोन लांब बाजू दुमडाव्यात. एक सेंटीमीटर आत, त्यावर दोन सेंटीमीटर. टाचण्या लावून कडेलगत टीप घालावी. टाके इंचाला सात-आठ असावेत. बारीक टाके म्हणजे मजबूत शिवण, हा समज पातळ कापडापुरता खरा आहे. जाड कापडात फार बारीक टाके घातले तर सुईची भोके जवळजवळ पडून कापड तिकिटासारखे त्याच रेषेत फाटते. टिपेच्या आरंभी व शेवटी दोन-तीन टाके उलटे घेऊन ती पक्की करावी.

कोपऱ्यावर दुमडीचे पुष्कळ थर एकावर एक येतात. तेथे पाय चालवू नये. मशीनचे चाक हाताने फिरवून एकेक टाका घ्यावा, नाहीतर सुई मोडून तुकडा डोळ्याकडे उडतो. दुमडण्यापूर्वी कोपऱ्याचे टोक तिरके कापले तर थर कमी होतात.

आता इलॅस्टिकचे फास. तयार आवरणाचा कोपरा आणि गाडीतील आकडा यांत दहा सेंटीमीटर अंतर असेल तर फास आठ सेंटीमीटरचा करावा, म्हणजे तो बेताने ताणला जाईल. दोरी दुहेरी होत असल्याने सोळा सेंटीमीटर, आणि शिवणीत दाबावयास दोन्ही टोकांची मिळून सहा, अशी बावीस सेंटीमीटर दोरी प्रत्येक फासाला कापावी. टोके कोपऱ्याच्या खालच्या बाजूस ठेवून त्यांवर निवारीचा सहा सेंटीमीटरचा तुकडा ठेवावा. निवारीच्या चारी कडांनी टीप घालावी व आत फुली मारावी. दोरीवरून सुई दोनदा गेली पाहिजे. चौकोनात फुली ही शिवण दिसावयास साधी, पण ओढ चारी दिशांना वाटून देणारी आहे.

बसविणे

पुढील दोन फास मागच्या आसनाच्या डोक्याच्या उशीच्या दांड्यांना अडकवावेत. मागील दोन, कारखान्याने फळीसाठी ठेवलेल्या खुंट्यांना. खुंट्या नसतील तर पत्र्याला भोक पाडू नये. तेथून पाणी शिरते व गंज चढतो. त्याऐवजी आवरणाच्या मागील कडेला वेल्क्रोची खरखरीत पट्टी शिवावी. अनेक गाड्यांच्या डिकीच्या बाजूंना लवदार सतरंजीसारखे अस्तर असते, त्याला ती थेट चिकटते. गोंदाने चिकटविलेली पट्टी चैत्र-वैशाखाच्या उन्हात सुटते, म्हणून पट्टी कापडाला शिवलेलीच असावी.

बसविल्यावर तीन परीक्षा घ्याव्यात. चालकाच्या जागी बसून आरशात पाहावे : मागची काच पूर्ण दिसते का? डिकीचे दार दहा वेळा उघडझाप करावे : कापड कोठे चिमटते का? आणि शेवटची, एका हाताने, एका झटक्यात आवरण सुटते का? जादा चाक, जॅक आणि पाना त्याखाली असतात. रात्री, पावसात, चाक बसल्यावर जे आवरण सोडवावयास पाच मिनिटे लागतात ते चांगले आवरण नव्हे.

इतर कप्पे

उरलेल्या पट्टीतून आसनाच्या पाठीमागील जाळीऐवजी खिसा करता येतो, दाराच्या कप्प्याला झडप लावता येते, आणि कागदपत्रांसाठी पाकीट शिवता येते. झडपेला वेल्क्रो पुरे; टिचबटण मुले ओढून काढतात. चालकाच्या बाजूच्या दारातील झडप काच खालीवर करण्याच्या बटणावर येऊ नये.

मात्र काही जागा वर्ज्य आहेत. आपल्या देशात २०२२ च्या आरंभापासून नव्या मोटारींत पुढच्या दोन्ही आसनांसाठी एअरबॅग सक्तीच्या आहेत, आणि कित्येक गाड्यांत त्या आसनांच्या कुशीत व दारांच्या वरच्या बाजूसही असतात. अपघातात ही पिशवी डोळ्याचे पाते लवण्याच्या आत फुगून बाहेर येते. तिच्या तोंडावर कापड शिवले तर ती अडते किंवा भलतीकडे फुगते. म्हणून जेथे एअरबॅगची खूण कोरलेली आहे तेथे आवरण घालू नये. आसनाच्या कुशीला घट्ट खोळ घालू नये. चालकाशेजारील पुढच्या कप्प्याला बाहेरून कापड न लावता आतून अस्तर लावावे. वस्तू खडखडत नाहीत आणि काम भागते. चालकाच्या पायाजवळ तर काहीही लोंबते ठेवू नये.

हिशेब आणि व्यवहार

हे काम घरी बसून करणाऱ्या भगिनींनी वहीत चार रकाने करावेत : कापड, इतर साहित्य, कामाचे तास, आणि मशीनचा तेल-दुरुस्तीचा खर्च. पहिल्या आवरणाला नमुन्यासकट पूर्ण दिवस जाईल. त्याच गाडीचे दुसरे आवरण जुन्या नमुन्यावर निम्म्याहून कमी वेळात होते. तेव्हा नमुना हे आपले भांडवल आहे. तो जपून, गुंडाळून, नाव-साल लिहून ठेवावा. घरच्या माणसाचे काम म्हणून मजुरीचा रकाना कोरा ठेवण्याची आपल्या बायकांना सवय आहे. ती मोडावी. नात्यातल्या माणसाला सवलत द्यावयाची असेल तर आधी पूर्ण मजुरी लिहावी आणि मग वजा करावी, म्हणजे आपण काय दिले ते आपल्याला तरी कळते.

गिऱ्हाईकाने आणलेले कापड परीक्षेत टिकले नाही तर नम्रपणे परत करावे. “आमच्या गाडीला काय होणार आहे, तुम्ही शिवा” असे सांगणारे भेटतात. अशा वेळी काम सोडलेले बरे.

धुण्याविषयी गिऱ्हाईकाला सांगावे : महिन्यातून एकदा झटकावे, तीन महिन्यांतून एकदा थंड पाण्यात धुवावे, पूर्ण वाळल्यावाचून बसवू नये. इलॅस्टिक ढिले पडले की बदलून न्यावे.

शेवटचा टाका

त्या अपघातानंतर आम्ही प्रत्येक आवरणाच्या वरच्या बाजूस, दाराकडून सहज दिसेल असे, एक वाक्य दोऱ्याने भरतो. अक्षरे बोटभर उंच, जाड लाल दोऱ्याची, साखळीच्या टाक्याची : “यावर काही ठेवू नये.” त्याखाली तेच कन्नडमध्ये, कारण गाडी चालविणारा व सामान भरणारा नेहमी मराठी वाचणाराच असतो असे नाही. या भरतकामास एक तास अधिक लागतो. त्याची मजुरी आम्ही घेत नाही. वहीत मात्र लिहितो.

ज्या मुलीचा खांदा दुखावला ती पुढे आमच्याच वर्गात आली. लाल अक्षरांचे काम आता बहुतेक तिच्याकडेच असते. नव्या मुली विचारतात, एवढी ठळक अक्षरे कशाला, आवरणाची शोभा जाते. ती त्यांना सुईत दोरा ओवून देते आणि पहिले अक्षर गिरवून दाखविते.

ट्रस्टच्या सभासदांना आमची एवढीच विनंती की ज्यांच्या घरी मोटार आहे त्यांनी हा लेख वाचून झाल्यावर एकदा डिकी उघडून पाहावी. वर ठेवलेली वस्तू खाली ठेवावी, खालची बांधून ठेवावी, आणि मग वाटल्यास आमच्याकडे मापे घेऊन यावे. वर्ग नेहमीच्या वेळी, नेहमीच्या जागी भरतो.